शनिवारी लागणारा दिवा

तलवाड्यात गाड्या दुरुस्त करणारे चार जण. त्यात साडीवर खाकी शर्ट चढवून गाडीखाली शिरणारी एकटी संगीता. नवऱ्याला, लखनला, इंजिनापेक्षा गप्पांची गोडी जास्त, म्हणून हळूहळू पान्हे हिच्याच हातात आले. मग हिनं तपासणीचं मशीन आणलं, मोबाईलएवढं. त्याची वायर स्टेरिंगखाली खोचली की गाडी आपलं दुखणं नंबरानं सांगते. दारावर बोर्ड लागला: ‘मशीनवर गाडीची तपासणी. संगीता.’

गाव कौतुकानं बघत होतं, तोवर सटवाची पिकअप आली.

सटवा चकलांब्याकडच्या वस्तीवरचा, शेळ्यामेंढ्यांचा माणूस. त्याच्या गाडीत इंजिनाचा पिवळा दिवा लागायचा, आणि चढ आला की गाडी रुसून बसायची. मशीन म्हणालं, पी-०१०२. म्हणजे इंजिनात जाणारी हवा मोजणाऱ्या सेन्सरची तक्रार. संगीतानं सेन्सरच बदलला. दिवा गेला. शनिवारी परत हजर. तिनं मशीनवरून नंबर पुसला. पुढच्या शनिवारी परत हजर!

“आता लागला तर माझं बोर्डावरचं नाव पुसून टाका,” असं ती नंबर पुसतानाच रागाच्या भरात बोलून बसली होती. चार माणसांसमोर बोलली, आता गिळायचं कसं?

तिसऱ्या रविवारी सटवा आला तो ओलं फडकं घेऊनच. शेजारी त्याची आई बायनाबाई, फजिती बघायला खास नटून बसलेली.

“ताई, शिडी कुठं हाय?” सटवानं विचारलं.

समोरच्या टपरीवरची माणसं चहाचे कप घेऊनच उठून आली. “मशीन बाईमाणसाचं ऐकत न्हाई,” एक जण म्हणाला.

“मशीन ऐकतंय. तुमी उजेडातून सरका.”

या वेळी तिनं मशीन बाजूला ठेवलं. नंबर घर दाखवतो, घरात कोण रडतंय ते आपणच आत जाऊन बघायचं, एवढं तिला दोनदा हरल्यावर कळलं होतं. तिनं सेन्सरच्या वायरचा जोड हातात धरला. जोड ढिला, खटका तुटलेला, आतल्या पिना हिरव्या पडलेल्या. आणि एका कोपऱ्यात बी. तिनं वास घेतला.

“सटवाभाऊ, बॉनेटात बसून जेवता का वो? लिंबू हाय हितं!”

सटवानं आईकडं बघितलं. बायनाबाईनं पदर सावरला.

“आता शनिवारी लिंबू-मिरची बांधावीच लागती की. म्होरं बांधलं तर शेळ्या खात्यात. मिरच्यासकट खात्यात मेल्या! म्हणून आत बांधते, त्या काळ्या वायरला. लई बेस गाठ बसती.”

“मग मला कदी दिसलं कसं न्हाई?” संगीतानं विचारलं.

“तुज्याकडं निघताना सोडून ठेवते ना. उतरवलेली नजर तुज्यासारख्या लेकीच्या दारात कशी आणू? तेवढं कळतं मला.”

संगीताला रागवावं का पाया पडावं, कळेना. दर शनिवारी गाठीचा हिसका, वरून लिंबाचा रस. सेन्सर बिचारा उगाच बदनाम झाला होता.

तिनं नवा जोड बसवला आणि लिंबासाठी जागा शोधली.

“टपावर बांधू?”

“मागची शेळी मान लांब करंल.”

“मग आत, आरशाला.”

“आतनं बाहेरची नजर अडंल का?”

“काच हाय की. दिसंल तिला.”

बायनाबाईला पटलं. पण सटवा फडकं सोडेना. “शनिवार जाऊ दे आधी,” म्हणाला.

शनिवार गेला. लखनसुद्धा त्या दिवशी गप्प होता, म्हणजे बघा. रविवारी पिकअप दारात थांबली. दिवा विझलेला. सटवाच्या हातात तेच फडकं, चेहरा मात्र पडलेला.

संगीतानं शिडी आणून लावली. “चढा वर. लई धूळ बसलीय बोर्डावर.”

सटवा मुकाट्यानं चढला. खाली बायनाबाई नवं लिंबू घेऊन उभी होती. संगीतानं ते मशीनपासून चार हात लांब, दाराच्या चौकटीला बांधून घेतलं.

“नीट पूस रं,” बायनाबाई वर बघून ओरडली. “लेकीचं नाव हाय ते.”