मलकापुरातली अर्धी लग्नं

बातमी आली तेव्हा मी कॉम्प्युटरची राखण करत होते. मे महिन्यातली सकाळ. भाजीला फोडणी देऊन झाली होती. हे पॅसेंजरने नांदुऱ्याला गेले होते, कारण तिथल्या एका दुकानात कॉम्प्युटरचा पंखा आहे असं कळलं होतं. जाताना मला एकच काम सांगून गेले. "चालू ठेवलाय. बंद पडला की घड्याळ पाहून ठेव."

थोड्या वेळाने ह्यांच्या नंबरवरून फोन आला. मी उचलला आणि म्हटलं, "अजून चालू आहे."

पलीकडे कोणी दुसराच माणूस होता. तो म्हणाला, "ताई, मी नांदुरा स्टेशनवरून बोलून राह्यलो. हा फोन ज्यायचा हाय, ते तुमचे कोण?"

त्या दिवशी कॉम्प्युटर किती वाजता बंद पडला ते कोणी पाहिलं नाही.

सांत्वनाला येणाऱ्यांची पंचाईत असते. काय बोलावं ते सुचत नाही आणि गप्पही बसवत नाही. आमच्याकडे ती अडचण आली नाही. येणारा सतरंजीवर टेकायचा, कोपऱ्यात बघायचा आणि विचारायचा, "हाच का तो कॉम्प्युटर?" मग एक किस्सा निघायचा, त्याला दुसरा लागायचा. तेरवीपर्यंत इतके साठले, की त्यातले थोडे लिहून ठेवते. काही माझ्यावरचेच आहेत, ते गाळलेले नाहीत.

*

आधी कॉम्प्युटरचं सांगते. ह्यांना गावात सगळे दिनूभाऊ म्हणत. मला नाव घ्यायची सवय नाही. बँकेतून मुदतीआधी निवृत्ती घेतली आणि लोकांच्या लग्नाच्या जुन्या व्हिडिओ कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवून द्यायला लागले. हौस म्हणून. तीन तासांची कॅसेट उतरवायला तीन तासच लागतात आणि तेवढा वेळ मशीन राबत असतं. आमचं तासाभरात तापायचं आणि न सांगता बंद व्हायचं.

पहिल्या तासात काय होतं? देवदर्शन, हळद, सीमांतपूजन, वरात. अंतरपाट धरायला माणसं उभी राहिली की पडदा काळा. निम्म्या मलकापूरची लग्नं आमच्या घरात लागायची राहिली.

तुकड्यातुकड्याने उतरवता आलं असतं. मी तसं सुचवलं होतं. हे म्हणाले, "लग्न काय हप्त्याने लागतं?"

*

आजार प्रथम सापडला तो राजूभाऊंना. राजूभाऊ ह्यांचे शाळेपासूनचे मित्र. त्यांचं विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान आहे. जिथे काही फिरतं ते आपलं, अशी त्यांची समजूत. हे आठ दिवस कॉम्प्युटरमध्ये व्हायरस शोधत होते. राजूभाऊ आले, खाली वाकले आणि डब्यावरचं कापड दोन बोटांनी उचललं.

ते कव्हर मी शिवलं होतं. आतून अस्तर, कडेने भरतकाम, मागे बंद. धूळ बसू नये म्हणून.

"वहिनी," राजूभाऊ म्हणाले, "याले मे महिन्यात स्वेटर काऊन घातलं?"

*

कव्हर काढूनही तापायचं. मग डबा उघडला. आमच्या घरामागे कापसाची जिनिंग मिल आहे. हंगामात कापसाची बारीक रुई हवेत असते. ती खिडक्यांच्या जाळीत, पापडांच्या डब्यात, सगळीकडे जाते हे मला माहीत होतं. कॉम्प्युटरमध्येही जाते हे माहीत नव्हतं. आतल्या पंख्याची पाती दिसत नव्हती. राजूभाऊंनी स्क्रू-ड्रायव्हरने एक गादीच्या गादी बाहेर काढली आणि हातात तोलून पाहिली.

"दिनूभाऊ, चांगला भाव यायची वाट पाहून राह्यला होता का?"

मी त्याच्या वाती वळल्या. जळताना वास आला, म्हणून देवापुढे लावल्या नाहीत.

*

मग दुसरा पंखा बसवला. मशीन आधीपेक्षा लवकर तापायला लागलं. राजूभाऊंचं मत पडलं की पंखा उलटा फिरतोय आणि दोन पंखे एकमेकांच्या तोंडावर वारा मारतायत. "मोटर उलटी फिरली तं दोन वायर बदलायच्या. सोपं हाय." त्यांनी वायरी बदलल्या. पंखा थांबला तो थांबलाच.

तिसरा आणला. या वेळी वारा कुठून कुठे जातो हे आधी पाहायचं ठरलं. धूर दिसायला हवा, म्हणून उदबत्ती लावली. हे डब्याच्या पुढून ओवाळतायत, राजूभाऊ मागे गुडघे टेकून धूर बघतायत, अशा वेळी शेजारच्या सुमनकाकू वाटीभर साखर मागायला आल्या. त्यांनी पाहिलं. चपला बाहेर काढल्या, डोक्यावर पदर घेतला आणि हात जोडून उभ्या राहिल्या.

धूर नीट मागे गेला. राजूभाऊ म्हणाले, "झालं."

सुमनकाकूंनी मला हळूच विचारलं, "प्रसाद हाय का?"

साखर द्यायचीच होती. तीच दिली.

*

आमच्याकडचा मे महिना माहीत असलेल्यांना कूलरचं महत्त्व सांगायला नको. घरात कूलर एक. तिसऱ्या पंख्यानेही भागेना, म्हणून एका उन्हाळ्यात ह्यांनी तो कॉम्प्युटरसमोर लावला आणि आम्ही स्वयंपाकघरात ओला टॉवेल डोक्यावर घेऊन बसायला लागलो. त्यातच माझे पुण्याचे भाऊजी आले. जेवले आणि सरळ कूलरपुढे सतरंजी टाकून आडवे झाले. हे थोडा वेळ दारात घुटमळले. मग अगदी अदबीने म्हणाले, "जरा सरकता का? त्याला वारा लागत नाहीये."

भाऊजी दचकून उठले. त्यांना वाटलं, खोलीत कोणी आजारी माणूस झोपलंय. त्यांनी सगळीकडे नजर फिरवली आणि शेवटी विचारलं, "कोणाला?"

ह्यांनी दाखवलं.

भाऊजी आता दिवाळीत येतात.

*

राजूभाऊंची स्वतःची कॅसेट किती वेळा लावली असेल याचा हिशेब नाही. त्यांचं लग्न दुसरबीडला झालेलं, मंगलावहिनींच्या माहेरी. प्रत्येक नव्या उपायाची परीक्षा त्याच कॅसेटवर व्हायची. प्रत्येक वेळी राजूभाऊ घोड्यावरून उतरायचे, मांडवात यायचे, अंतरपाट धरला जायचा आणि काळं.

एकदा ते मंगलावहिनींना म्हणाले, "पाय, मशीनच्या हिशेबानं मी अजून कुंवाराच हाय."

वहिनी म्हणाल्या, "मंग संध्याकाळी जेवाले मशीनकडंच जा."

त्या संध्याकाळी ते खरंच आमच्याकडे जेवले.

*

आमची कॅसेट कपाटात होती. फितीला बुरशी धरलेली. एकदा वाजेल, दुसऱ्यांदा वाजेलच असं नाही, असं ह्यांचं मत. त्यामुळे मशीन पूर्ण तीन तास टिकल्याशिवाय ती लावायची नाही असं ठरलं होतं.

त्या कॅसेटमध्ये आमच्या एका भांडणाचा निकाल होता. लग्नानंतर घरात शिरताना बायकांनी उंबरठ्यावर अडवलं, नाव घे म्हणून. मी उखाणा घेतला. ह्यांचं म्हणणं, घेतलाच नाही. नुसतं काहीतरी पुटपुटले, बायका हसल्या आणि मी माप ओलांडून आत गेले.

"मी शेजारी उभा होतो," हे म्हणायचे.

"तुमचं लक्ष बुटांकडे होतं."

"बूट कोणी पळवले होते ते पाहत होतो. कान रिकामेच होते."

उंबरठा अर्थातच कॅसेटच्या अगदी शेवटी. नांदुऱ्याला निघताना हे चपला घालत म्हणाले, "आज पंखा मिळाला की आधी राजूचं लग्न लावू, मग तुझं नाव ऐकू." मी म्हटलं, "माझं नाही, तुमचं." ते म्हणाले, "तेच तर पाहायचंय."

*

पंखा मिळाला होता. स्टेशनवरून पिशवी घरी आली तिच्यात होता, फुगे असलेल्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला.

तेरवी झाल्यावर दोन-तीन दिवसांनी राजूभाऊ दुपारचे आले. बसले. पाणी प्यायले. मग म्हणाले, "वहिनी, तो पंखा बसवून देतो." मी हो म्हटलं. त्यांनी बसवला. उदबत्ती त्यांनी मागितली नाही, मीही दिली नाही. त्यांनी बोटावर थुंकी लावून वारा पाहिला.

"टेस्टिंगले कॅसेट लावा लागते."

"तुमचीच लावा," मी म्हटलं.

आम्ही दोघं बसलो. देवदर्शन झालं. हळद झाली. राजूभाऊ घोड्यावरून उतरले, मांडवात आले. अंतरपाट धरला. राजूभाऊंनी सवयीने पाण्याचा ग्लास उचलला, कारण एवढ्यात उठायची वेळ व्हायची. पडदा काळा झाला नाही. मंगलाष्टकं सुरू झाली. अक्षता पडल्या. राजूभाऊंनी ग्लास तसाच खाली ठेवला.

माळा घालून झाल्या आणि चित्र एकदम अंधारलं. मी मशीनकडे पाहिलं. पंखा फिरत होता. राजूभाऊ म्हणाले, "मशीन नाई वहिनी. शूटिंगवाल्याचा दिवा गेला होता. कॅमेरा चालूच होता त्याचा."

खरंच, आवाज येत होता. सनई, पोरांचा गलका, कोणीतरी खाकरलं. मग अगदी जवळून, कॅमेऱ्याला तोंड लावल्यासारखा, एक तरुण आवाज आला.

"थांब बे, हात नको लावू. गरम झाला तो. जरा वारा घालू दे."

आणि अंधारात पत्रावळीची फटफट.

बराच वेळ फटफट चालली. मग दिवा लागला आणि हे दिसले. पत्रावळ हातात घेऊन, मिसरूड फुटलेला, अत्यंत गंभीर चेहऱ्याने दिव्याला वारा घालणारा माणूस उजेडाकडे बघून म्हणाला, "पाय. काई नाई झालं त्याले."

कॅसेट पुढे चालली. पंगती उठल्या, मंगलावहिनी माहेरच्यांच्या गळ्यात पडून रडल्या, जीप निघाली. फीत संपली. मशीन चालूच होतं.

राजूभाऊंनी उपरण्याने चेहरा पुसला. "लागलं एकदाचं," ते म्हणाले. थोड्या वेळाने उठून कपाटाकडे पाहत विचारलं, "वहिनी, आता तुमची लावू?"

"उद्या लावू," मी म्हटलं.

दिवाळी होऊन गेली. भाऊजी येऊन गेले. पंखा व्यवस्थित फिरतो. आमची कॅसेट लावायची राहिली आहे.