उजवी पाकळी

हळर्णला आमच्या भातावर करपा पडला, तेव्हा औषध मारावे की नाही हे विचारायला बाबांनी देवळात कौल लावला. देवाला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या आणि उजवी पडते की डावी, बघत बसायचे. मी फोनवरच तडकले, "बुरशी काय देवाला विचारून येते?"

प्रयोगशाळेत मी त्याच बुरशीचे एक जनुक काढून टाकले होते, बाकीच्या जनुकांना कामाला लावणारे. बशीत ती मजेत वाढत होती. पण पानात घुसायचे बळ तिच्यात उरले होते का? एका डब्यात तिचे थेंब भाताच्या पानांवर सोडले, दुसऱ्यात धडधाकट बुरशीचे. ओल टिकायला झाकण बंद हवे. मला कुठला धीर! येता-जाता दोन्ही झाकणे उचलून बघत होते.

बाबांचा फोन आला, "उजवी पडली. मारतंय औषध. तुजां काय जालां?"

जनुक काढलेल्या बुरशीच्या डब्यातली पाने हिरवीगार होती, आणि धडधाकट बुरशीच्या डब्यातलीही. माझ्या उघडझापीत थेंबच सुकून गेले होते. पाकळी बोटाने पाडली तर तो कौल नव्हे, हे मला लहानपणापासून ठाऊक होते.