मंगळवारचं कुंकू

मंगळवारी सकाळी आमची वहिनी अंघोळ करून, कपाळ मोकळं ठेवून उंबऱ्याशी बसायची. आई गावदेवीहून परत येईपर्यंत ती पाण्याचा घोटही घ्यायची नाही. आई यायची, पदराची गाठ सोडून देवीच्या पायाचं कुंकू काढायची आणि स्वतःच्या बोटाने तिला लावायची. मग आमच्याकडे चूल पेटायची.

माझा थोरला भाऊ म्हणजे तिचा नवरा. आम्ही कोपरीचे, खाडीकाठचे. वडील मिठागरात राबायचे आणि दादा मीठ भरलेला मचवा घेऊन जायचा. स्वातंत्र्य मिळालं त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात, पावसाआधीची शेवटची खेप घेऊन तो गेला आणि वारा फिरला. मचवा उलटा सापडला, बरोबरचे खलाशी पोहून काठाला लागले. दादा मिळाला नाही, जिवंतही नाही आणि मेलेलाही नाही. वहिनीच्या हातातला चुडा तेव्हा अजून नवा होता.

तिने कुंकू लावावं की पुसावं, यावर आळीतल्या बायका पाणवठ्यावर बोलू लागल्या. त्यांना तेवढाच विरंगुळा.  आई देवीकडे गेली आणि कौल लावला. गुरव देवीच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवायचा. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही, आणि कुठलीच पडली नाही तर बसून राहायचं. आई ऊन डोक्यावर येईपर्यंत बसायची. दगडावरची ओली पाकळी वाळली की पडणारच, हे मला चौथीतही कळत होतं. पण आईला हे सांगायची माझी छाती नव्हती.

तिचा प्रश्न ठरलेला असे. पुढच्या मंगळवारपर्यंत सुनेने कुंकू लावावं का, एवढंच ती विचारायची. उजवी पाकळी पडायची आणि एक आठवडा निघायचा.

“येकदाचा इचार ना, पोर जिता हाय का नाय,” वडील कातावून म्हणायचे.

“तां मी नाय इचारनार. तिला सांगायचा तवा ती सांगल. मना आठवड्याचा पुरे,” आई म्हणायची. वडील तरातरा खाडीवर निघून जायचे. मला मात्र देवीचाच राग यायचा. एकदा काय ते बोलून टाकायला हिचं काय जात होतं?

असे कितीतरी पावसाळे गेले. माझ्याशी सागरगोटे खेळणारी वहिनी खेळेनाशी झाली. तिचं हसणं आटत गेलं. वय तरी काय होतं तिचं?

मग मानपाड्याकडच्या तिच्या माहेराहून तिचा भाऊ आला. त्यांच्या गावात एक बिजवर होता, भला माणूस, भाताची थोडी शेती असलेला. तो वहिनीशी पाट लावायला तयार होता. आमच्यात विधवेचा पाट लागतो, पण वहिनी विधवा कुठे होती? तिच्या कपाळावर तर कुंकू होतं.

“आमचे पोरीला आजून किती दिस टांगून ठेवनार?” त्याने विचारलं.  आत वहिनी भाकऱ्या थापत होती, तो आवाज थांबला.

“देवीला इचारते,” आई म्हणाली.

त्या मंगळवारी आईने वहिनीलाही बरोबर घेतलं. मीही गेले. आईने हात जोडले. “माये, हिला धाडू का? हिचा पाट लावू का?” गुरवाने चमकून तिच्याकडे पाहिलं आणि पाकळ्या लावल्या. त्याचा हात मागे येतो न येतो तोच उजवी पाकळी पडली.

दादा जिवंत असता तर देवीने होकार दिला नसता. आईने जे कधीच विचारलं नव्हतं, त्याचंही उत्तर तिला मिळालं होतं.

“आजून येकदा लावू?” गुरव हळूच म्हणाला.

आईने मान हलवली. “तिनं सांगितला. आता तसाच करायचा.”

घरी आल्यावर तिने पदराची गाठ सोडली नाही, कारण पदराला गाठच नव्हती. ती उंबऱ्यात बसली आणि दादाचं नाव घेऊन रडली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. वहिनी तिला बिलगून रडत होती आणि मी दोघींना धरून. दुसऱ्या दिवशी वडिलांनी खाडीवर जाऊन दादाच्या नावाने पाणी सोडलं.

वहिनीचा पाट लागला, ती गेली. पुढच्या मंगळवारी आई पुन्हा गावदेवीला निघाली, तेव्हा मी चिडले.

“आता काय राह्यलाय इचारायचा?”

ती चालू लागली. मी रागारागाने तिच्या मागून गेले. गुरवाने सवयीने पाकळ्या भिजवायला घेतल्या, तर आईने त्याचा हात थांबवला.

“आज इचारायचा काय नाय,” ती म्हणाली. “मागायचा हाय. माजे पोरीचा आताचा कुंकू तरी राहू दे.”