शाल पांघरलेला मावळा

समस्त बिबवेवाडीकरांना अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, कूलरची मोटर पाण्याविना सुरू केली तर ती जळते. जळताना आधी घरघरते, मग गप्प होते, आणि मग केस जळाल्यासारखा वास सुटतो. ही माहिती जनहितार्थ देत आहे. आमच्या सोसायटीने ती एक मोटर खर्ची घालून मिळवली आहे, आणि ती मोटर माझ्या कूलरची होती.

दिवाळीत सोसायटीतली मुलं माझ्या खिडकीखाली किल्ला करतात. तळमजल्यावर राहण्याचे हे भोग आहेत. माती माझ्या दारात, ओली पोती माझ्या पायरीवर, आणि वीज माझ्या हॉलमधून. मला हे सगळं मनापासून आवडतं, पण तसं दाखवलं तर मुलं डोक्यावर चढून बसतील, म्हणून मी खिडकीत उभी राहून कपाळाला आठ्या घालते. तो अभिनय मला बऱ्यापैकी जमतो.

यंदाच्या फौजेची सेनापती बारा वर्षांची एक मुलगी होती. कमरेवर हात, तोंडात हुकूम. कुणी माती चाळायची, कुणी हळीव पेरायचे, कुणी मध्ये नाक खुपसलेलं चालणार नाही, सगळं तीच ठरवायची. आणि फौजेतली सगळ्यात कच्ची शिपाई म्हणजे आमच्या तिसऱ्या मजल्यावरची आठ वर्षांची छोटी. तिचे आईबाबा दोघंही नोकरीला, त्यामुळे शाळा सुटल्यावर ती संध्याकाळपर्यंत माझ्याकडेच असते.

छोटीला एक काम सांगा, चोख करते. दोन सांगा, तीही होतात. तिसरं सांगितलं की मधलं कुठेतरी गळून पडतं. एकदा तिच्या आईने गॅलरीतून फर्मान सोडलं की बूट काढ, हातपाय धू, डबा सिंकमध्ये ठेव, आणि वर येताना काकूंकडचं आपलं पातेलं घेऊन ये. छोटी पातेलं घेऊन वर गेली. बूट पायात होते आणि पातेल्यात डबा होता. तिची आई मला म्हणाली, तुम्हीच सांगा, हिला मुद्दाम असं सुचतं का? मला तर ती तडजोड फार हुशारीची वाटली होती.

शाळेतल्या बाईंचं म्हणणं, लक्ष नसतं. मुलांचं म्हणणं त्याहून थोडक्यात असायचं. मधली पायरी हरवली की छोटी जागच्या जागी थिजते, डोळे कुठेतरी लांब लागतात. तेवढ्यात कुणीतरी म्हणायचंच, “बफरिंग.” मग सगळे हसायचे. छोटीही हसायची. तिचं ते हसणं मला बघवत नसे.

गंमत अशी की, किल्ल्यावर कारंजं करायचं हे तिच्याच डोक्यातून निघालं होतं. महाराजांच्या सिंहासनासमोर पाणी उडायला हवं, असं ती म्हणाली. कल्पना सगळ्यांनाच आवडली. माझी मोटर एका जुन्या टबात, टब किल्ल्याच्या मागे मातीत पुरलेला, तिथून नळी वर सिंहासनापर्यंत. टब चिरलेला, पाणी झिरपून जायचं, म्हणून ते आयत्या वेळी भरायचं. बटण माझ्या खिडकीच्या गजांआत ठेवलेल्या बोर्डावर. पहिल्या तालमीत सेनापतीने एका दमात सगळं सांगितलं, शेवटी “कळलं ना? परत सांगणार नाही” असंही म्हणाली, आणि छोटीने नळी सरळ करून थेट बटण दाबलं. पुढचं निवेदन वर येऊन गेलेलं आहे.

पायरीवर दरबार भरला. सेनापतीने निकाल दिला की, किल्ले स्पर्धेचे परीक्षक येतील तेव्हा छोटीला एक चान्स. चुकली तर पुढच्या वर्षीपासून किल्ल्यात नाही, लांब उभं राहून टाळ्या वाजवायच्या. दुसरी मोटर दुसऱ्या मजल्यावरच्या आजोबांनी दिली. देताना एवढंच म्हणाले की जाळून झाली की राख तेवढी परत करा.

त्या रात्री छोटी जेवली नाही, असं तिच्या आईकडून कळलं.

दुसऱ्या दिवसापासून मी तिला शिकवायला घेतलं, आणि अर्थात आधी सगळ्या चुकीच्या गोष्टी केल्या. सांगितलेलं तिच्याकडून म्हणून घेतलं. ती घडाघडा म्हणून दाखवायची आणि करायला गेली की अर्ध्यात थांबायची. मी आवाज चढवला, तर ती सुरुवातच विसरली. शेवटी दोघी दमून मातीत बसलो. तेव्हा ती आपणहून मला किल्ला दाखवू लागली. शत्रू खालून आला तर आधी हा मोठा दरवाजा, मग वळण, मग हा दुसरा, मग चढ, मग तिसरा, आणि इथून वर गेला की चौथ्याशी तो मरणारच. एकही दरवाजा चुकला नाही. मी उलटसुलट विचारलं, तरी नाही.

मी म्हटलं, मग कारंज्याची कामंही दरवाज्यांवर नेमून टाकू या. एका दरवाज्याला एक काम, एक मावळा.

त्यांना सजवण्याची अक्कल तिची. पहिल्या दरवाज्यातल्या मावळ्याच्या हातात तिने भाल्याऐवजी स्ट्रॉचा तुकडा दिला: नळी सरळ करायची. दुसऱ्याच्या पायाशी बाटलीचं झाकण उलटं ठेवलं: बादली ओतायची, मोटर बुडेपर्यंत. तिसऱ्याच्या खांद्यावर माझ्या नॅपकीनची चिंधी शालीसारखी गुंडाळली: हात कोरडे करायचे. ही अट माझी होती. ओल्या हाताने विजेला शिवलेलं मला चालत नाही. चौथ्याच्या छातीवर लाल टिकली: बटण.

मग मी तोंड बंद ठेवायला शिकले. माझ्यासारखीला ते छोटीच्या कामाहून अवघड गेलं. ती अडली की मी फक्त विचारायचे, आता कुठला दरवाजा? ती जायची, मावळ्याला बोट लावायची, काम करायची, पुढे जायची. काही तालमींनंतर मला तेवढंही विचारावं लागेना. सेनापती हे सगळं हाताची घडी घालून बघत होती. म्हणाली, “काकू, परीक्षेलाही मावळे नेणार का ही?”

परीक्षक आले ते सांगितलेल्या वेळेच्या बरेच आधी. पांढरे केस, खांद्याला शबनम, हातात टॉर्च, आणि चेहऱ्यावर सगळा इतिहास पाठ असल्याचा भाव. पणत्या अर्ध्याच लागल्या होत्या. बुरुजाचा आकार त्यांना पटला नाही. तोफेचं तोंड भलत्या दिशेला होतं. विहीर इतक्या वर कशी, असं त्यांनी विचारलं आणि उत्तराची वाट न बघता विहिरींविषयी बोलले. सेनापतीची मान खाली खाली जात होती. फौज भिंतीला चिकटून उभी. वर गॅलरीत छोटीची आई, ऑफिसची पर्ससुद्धा अजून खांद्यालाच.

“कारंजं आहे म्हणे,” परीक्षक म्हणाले.

छोटी पुढे झाली. मी घरात, खिडकीशी. बोर्डाला वीज जाते ते भिंतीवरचं बटण माझ्या हाताशी होतं आणि माझं बोट त्याच्यावर. ओला हात बोर्डाकडे आला तर मी वीज घालवणार, हे पक्कं होतं. पण वीज घालवली तर कारंजं उडणार नाही, आणि छोटीच्या टाळ्या वाजवण्याचं वर्ष तिथेच सुरू होणार, हेही पक्कं होतं.

पहिला दरवाजा. बोट लावलं, नळी सरळ केली. दुसरा दरवाजा. बादली तिच्या ताकदीला जड होती, तरी उचलून ओतली. मोटर बुडाली. पाणी कोपरापर्यंत उडालं.

आणि नेमके तेव्हाच परीक्षक वाकले.

“हे काय? मावळ्याच्या अंगावर शाल?” त्यांनी तिसऱ्या दरवाज्यातला मावळा उचलला आणि टॉर्चच्या उजेडात धरून जमलेल्या आयांना सांगू लागले की, लढणारा माणूस अशी शाल कधी घेत नसतो, हा तपशिलाचा दोष आहे, आणि असे दोष मुलांना लहानपणीच दाखवून दिले पाहिजेत.

छोटी वळली. तिसरा दरवाजा रिकामा. त्याच्या वर चौथा, आणि त्याच्या छातीवर लाल टिकली.

ती थिजली. डोळे लांब लागले. भिंतीपाशी कुणीतरी पुटपुटलं, “बफरिंग.” सेनापती दातांतल्या दातांत म्हणाली, बटण, बटण. परीक्षक मावळा मुठीत धरून म्हणाले की लाव की बाळ, आम्हाला पुढेही किल्ले बघायचेत. वरून आई म्हणाली, अगं लाव ना, मोठी माणसं सांगतायत ना. तिला इतक्या लोकांनी एकाच वेळी एकच काम सांगण्याची ही पहिलीच वेळ असेल, आणि ते नेमकं चुकीचं होतं.

तिचा हात उठला. पाणी ठिबकत होतं. माझं बोट भिंतीवरच्या बटणावर टेकलेलं. ओरडावंसं वाटत होतं. पण मी ओरडले तर तिच्या कानात आणखी एक आवाज, एवढंच झालं असतं.

हात गजांपर्यंत आला नाही. खाली गेला. तिने पहिल्या मावळ्याला बोट लावलं. दुसऱ्याला लावलं. मग तिसऱ्या दरवाज्यातल्या मोकळ्या मातीला लावलं आणि बोट तिथेच ठेवून विचार केला. मग ती उठली, परीक्षकांसमोर गेली आणि हात पुढे केला.

त्यांना वाटलं, पोरगी अभिनंदन मागतेय. त्यांनी हसून टॉर्च काखेत मारला आणि तो ओलाचिंब हात हातात घेऊन हलवला. छोटीने हलवू दिला. मग दुसऱ्या हाताने त्यांच्या मुठीतला मावळा हळूच काढून घेतला, परत येऊन तिसऱ्या दरवाज्यात उभा केला, चिंधी नीट केली. गजांवर टांगलेला माझा टॉवेल घेतला आणि एकेक बोट पुसलं. अंगठाही. मागून कुणी हसलं नाही.

चौथा दरवाजा. टिकली. बटण.

मोटर घरघरली. तो आवाज आम्ही सगळ्यांनी आधी एकदा ऐकला होता. सेनापतीने डोळे मिटून घेतले, मी नाकाने वास शोधू लागले. नळीतून हवेचा एक बुडबुडा फुटला, मग दुसरा, आणि महाराजांच्या पुढ्यात वीतभर पाणी उभं राहिलं.

मी आठ्या घालायचं साफ विसरले.

परीक्षक खूश झाले. मोबाइल काढायला उशीर झाला म्हणून त्यांनी कारंजं बंद करायला सांगितलं, छोटीने ते केलं, आणि टबातलं पाणी झिरपून खाली गेलं. मग ते सेनापतीकडे वळून म्हणाले, प्रमुख तूच ना, आता तू लाव पाहू, मी फोटो घेतो.

सेनापती ऐटीत पुढे आली. नळीकडे बघितलं. बादलीकडे बघितलं. बादली तशीच ठेवून बटणाकडे हात नेला, मध्येच थांबवला, आणि स्वतःच्याच तळव्याकडे बघत राहिली. परीक्षक मोबाइल सरसावून वाट बघत होते, आणि दुसरा हात पुन्हा मावळ्यांकडे चालला होता. तेव्हा तिच्या तोंडून निघून गेलं:

“काका, मला नाही येत ते, आमच्यात फक्त हिलाच येतं. आणि प्लीज, त्या शालवाल्याला आता हात लावू नका.”