बाबांच्या ओठांवरचं भाषण

भुताखेतांचे किस्से वाचून मी आजवर हसतच आले. पूर्ण्याला एका गोदामात डिस्पॅच सांभाळते. तिथं खोकं गायब झालं तर भुताला कुणी विचारत नाही, बोलणी मलाच बसतात. तरी हे लिहितेय…

बारावीत होते. बाबा धामणकर नाक्याजवळ कापड विणायच्या लूमवर कामाला. त्या खडखडाटात त्यांचे कान पार गेलेले. पण लूमवरची माणसं एकमेकांचे ओठ वाचून बोलतात, आणि रोज डबा पोचवता पोचवता मीही ते शिकले. वक्तृत्वाची तयारी बाबांसमोरच व्हायची. "ओठ नीट हालव, मना दिसत न्हाय," म्हणत एकेक वाक्य दहादा म्हणायला लावायचे! माझे उच्चार ऐकू न येणाऱ्या माणसानं घडवलेत, हे कुणाला पटत नाही.

आधीच्या स्पर्धेत मी मधेच विसरून रडत खाली उतरले होते. पुन्हा तसं झालं तर स्टेज कायमचं सोडायचं, असं ठरवूनच टाकलं होतं.

या वेळी स्पर्धा गणेशपुरीला, दुपारी. बाबांची ड्युटी होती. विषय – 'आमची खाडी'. सुरुवात झकास झाली… आणि एकदम सगळं कोरं. कुणीतरी खोकलं. खाली उतरायला वळणार, तोच शेवटच्या रांगेमागे बाबा उभे दिसले. अंगात कामावरचा बनियन, केसांत कापसाचे तंतू. ओठ सावकाश हलत होते – "घाई नको. श्वास घे. आता होडीचं सांग."

मी होडीचं सांगितलं. शेवटपर्यंत बोलले. टाळ्या थांबल्यावर पाहिलं, तर तिथं कुणीच नव्हतं.

एसटी पकडून तडक लूमवर गेले. शेजारच्या लूमवरचे चाचा उलट मलाच विचारायला लागले, "बेटी, तेरे बाबा को हुआ क्या है? तीन बजे लूम बंद करके दीवार से बोल रहे थे… जल्दी मत कर, साँस ले, अब होडी का बता."

तीनलाच माझं नाव पुकारलं होतं. मी तशीच बाबांसमोर जाऊन उभी राहिले.

"गणेशपुरीला आला होतात?" मी बाबांना विचारलं.

"मी कवा आलो? सकालपासून हितंच हाय."

"मग लूम का बंद केला?"

बाबा जरा गोंधळले. माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "बाय, आयकू तं काय येत न्हाय मना. पन तू थांबलीस, तवढं समाजलं."

त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून मी खूप रडले. याचा उलगडा मला आजही झालेला नाही. स्टेज मात्र मी सोडलं नाही.