जाळ्यात लटकलेल्या विहीणबाई

होणाऱ्या विहीणबाईंना मी पहिल्याच भेटीत अख्खी दुपार कोळ्याच्या जाळ्यात लटकवून ठेवलं होतं.

(कोळी खोटा होता. बाई खऱ्या होत्या.)

झालं असं. आमचा ओंकार आणि सायली हिंजवडीला एकाच कंपनीत. कंपनीच्या एकाच बसनं जायचे. त्या रस्त्यावरची वाहतूक अशी, की प्रेम जमून, एकदा भांडण होऊन, पुन्हा जमलं तरी बस त्याच सिग्नलला उभी! दोघांनी घरी सांगितल्यावर मी लगेच कामाला लागले. मी वाघोलीच्या एका कॉलेजात परीक्षा विभाग सांभाळते. कुठलंही काम दिसलं की मी आधी यादी करते, मग वेळापत्रक, मग श्वास घेते. कांदेपोह्यांच्या कार्यक्रमाचं सगळं ठरवून झालं होतं, तेवढ्यात सायलीचा फोन.

“काकू, कार्यक्रम नको ना! समोरासमोर बसून प्रश्नोत्तरं केली की सगळेच गोड गोड बोलतात. त्यापेक्षा आपण एक गेम खेळू. माणूस गेममध्ये कळतो.”

“पत्ते?”

“नाही हो. गोष्टीचा गेम. जंगल, राक्षस, जादू, असं सगळं. प्रत्येकानं एक पात्र घ्यायचं आणि ते काय करतं ते सांगायचं. जमलं की नाही ते फासे ठरवणार. आणि एक जण गेम मास्टर. तो गोष्ट चालवतो. वाटेत भेटणारे पहारेकरी, सरायवाले, चेटक्या, सगळ्यांच्या तोंडचं तोच बोलतो. त्या पात्रांना एनपीसी म्हणतात.”

“म्हणजे यजमान.”

“हो, तसंच काहीतरी,” सायली म्हणाली. ती स्वतःच गोष्ट चालवणार होती. पण घर आमचं, पाहुणे आमचे, आणि यजमान दुसराच? मी सांगून टाकलं, “गेम मास्टर मी होणार.”

ओंकारचा चेहरा पडला. “आई, एक लक्षात ठेव. तिला राक्षसाबिक्षसाचं काही पडलेलं नाहीये. तिचे बाबा नाहीत, लग्नानंतर तिची आई आपल्याकडेच राहणार. त्यांना आपल्या घरात मोकळं वाटतंय का, एवढंच तिला बघायचंय. नाही वाटलं तर ती नाही म्हणेल. आणि ती नाही म्हणाली की नाहीच असतं.”

“अरे, मोकळं म्हणजे काय! बोटसुद्धा उचलू देणार नाही मी त्यांना!”

हे वाक्य मी अभिमानानं उच्चारलं होतं, याची कृपया नोंद घ्यावी.

सायलीनं नियमांचं जाडजूड पुस्तक पाठवलं. मी त्याला खाकी कव्हर घातलं आणि वाचून काढलं. शेवटी चार तयार पात्रं दिलेली होती. हीच ती, मुखपृष्ठापासून प्रत्येक चित्रात मिरवणारी खास मंडळी! ग्रेंडा ही धिप्पाड योद्धी, अल्मोर हा म्हातारा जादूगार, फिप्स हा चोर आणि सेरीन ही जखमा बऱ्या करणारी पुजारीण. ज्यांना स्वतःचं पात्र बनवायला वेळ नाही त्यांनी ही घ्यावीत, असं लिहिलं होतं. पण आमच्या चारही खेळाडूंनी सायलीच्या मदतीनं आपापली पात्रं केव्हाच बनवली होती. म्हणजे ही चौघं उरली.

उरलेलं टाकून देणं माझ्या रक्तात नाही. आमच्याकडे रात्रीच्या पोळ्यांचा सकाळी कुस्करा होतो, आणि कुस्कराही उरला तर त्याचे वडे होतात. चार तयार, हुशार, हत्यारबंद माणसं नुसती पुस्तकात बसून राहणार? मी चौघांनाही एनपीसी म्हणून कामाला जुंपलं. कार्यात कसे आपण आचारी, वाढपी, वर देखरेखीला एखादे मामा ठेवतो, तसे. त्यातून सायलीच्या आई, विजयाताई, कोल्हापूरच्या. पुणेकरांच्या आदरातिथ्याबद्दल तिकडे काय बोललं जातं ते मला ठाऊक आहे. यावेळी पुण्याची बाजू मी एकटी सांभाळणार होते.

रविवारी सगळे जमले. विजयाताई निवृत्त गणित शिक्षिका. बारीक चणीच्या, बोलणं हळू. पण पात्र काय निवडलं होतं! वनात राहणारी धनुर्धारी, नाव रणवेणी. “आठवडाभर घरात उशांवर पट्टी फेकून नेम धरतेय,” सायली कौतुकानं म्हणाली. आमच्या ह्यांनी बुटका व्यापारी घेतला होता. (ह्यांचा मार्केट यार्डात गुळाचा व्यापार आहे. कल्पनाशक्तीला तेवढाच परिसर उपलब्ध होता.)

मी घसा साफ केला. “तुम्ही एका सरायीत बसला आहात. जंगलातल्या ड्रॅगननं गाव हैराण केलंय.”

विजयाताई पुढे सरकल्या. “मी सरायवाल्याला विचारते, जंगलाची वाट कुठून आहे?”

“विचारायची काही गरज नाही,” मी म्हणाले. “ही ग्रेंडा सोडायला येतेय तुम्हाला. सोबत अल्मोर, फिप्स आणि सेरीन पण आहेत. अगदी निश्चिंत राहा.”

पुढे नदी आली. विजयाताईंचे डोळे चमकले. “मी बाणाला दोर बांधून पलीकडच्या झाडात मारते. मग दोराला धरून सगळ्यांना जाता येईल.”

केवढी छान युक्ती होती! पण पाहुण्यांचे पाय ओले झाले असते. अल्मोरनं मंत्र म्हणून पूल उभा केला. कठड्यासकट.

पलीकडे कुलूपबंद दरवाजा. “मी उघडतो,” ओंकार म्हणाला.

“फिप्सनं उघडला.”

“आई, मी पण चोर आहे!”

“असशील. पण त्याची पातळी वरची आहे. शिवाय तुझं लक्ष आज पाहुण्यांकडे हवं.”

आत प्रचंड कोळी. फासे विजयाताईंच्या विरुद्ध पडले आणि रणवेणी जाळ्यात अडकली. त्या शांतपणे म्हणाल्या, “माझ्याकडे कट्यार आहे. मी जाळं कापते.”

“अहो, तुम्ही कशाला! तुम्ही बसा हो. ग्रेंडा बघतेय ना!”

आता आली का पंचाईत! ग्रेंडा कोळ्याशी लढणार, तर तिला जखम होणार, तर सेरीननं मलम लावायला हवं, तर अल्मोर म्हणणार की आधी माझ्या मंत्रानं बघू. मी जाड आवाजात ग्रेंडा बोलले, थरथरत्या आवाजात अल्मोर बोलले. त्यांचं वाजलं. मी बारीक आवाजात सेरीन होऊन दोघांची समजूत घातली. फिप्सनं मध्येच टोमणा मारला, त्यावर मीच हसले. वर्षानुवर्षं निकालपत्रकं तपासणाऱ्या बाईच्या अंगात एवढी नाट्यकला आहे हे मला नव्यानंच कळत होतं! पाहुण्यांना अजून कळत नव्हतं.

“अगं,” हे हळूच म्हणाले, “मी जरा चहा टाकून येऊ? गेम चालू राहील ना माझ्याशिवाय?”

“राहील, राहील,” मी जाड आवाजात म्हणाले. ग्रेंडातून बाहेर यायला वेळ लागतो.

हे चहा घेऊन परतले तेव्हा आम्ही ड्रॅगनच्या गुहेशी पोचलो होतो. ह्यांनी कप ठेवला आणि गेममधलं आपलं पहिलं वाक्य टाकलं. “ड्रॅगनशेठ, जागा चांगली आहे, पण ओल फार दिसतेय. माल ठेवायला उपयोगाची नाही. डोंगरापलीकडे कोरडी गुहा दाखवली, तर हलणार का?”

सायली एकदम ताठ बसली. ओंकार हसला. मला आत कुठेतरी जाणवलं, की हे भलतंच मजेदार आहे. पण घड्याळात पोह्यांची वेळ झाली होती. मी ग्रेंडाकडून ड्रॅगनचं मुंडकं उडवलं.

“झालं! जिंकलात! अभिनंदन!” मी टाळ्या वाजवल्या.

माझ्या एकटीच्या टाळ्या बराच वेळ ऐकू आल्या.

मग विजयाताईंनी अगदी नम्रपणे, वर्गात हात वर करावा तसं बोट वर केलं. “सुनंदाताई, एक विचारू? मी अजून जाळ्यातच आहे का?”

मी त्यांना विसरले होते. साफ विसरले होते! नदी, दार, कोळी, ड्रॅगन, सगळं वेळेत उरकलं, आणि जिच्यासाठी हा खटाटोप ती बाई मागे कोळ्याच्या जाळ्यात उलटी लटकत होती!

सायलीनं फासे डबीत भरायला घेतले. तिचा आवाज थंड होता. “काकू, आई इथे राहायला आली, तर दिवसभर काय करेल ती?”

आणि मी, पन्नाशी उलटलेली, शिकलेली बाई, सवयीनं बोलून गेले, “अगं, त्यांना काहीच करावं लागणार नाही!”

विजयाताईंनी कपाकडे पाहिलं. ओंकारनं डोळे मिटले. हे माझ्या कानाशी येऊन म्हणाले, “अगं, त्यांना खाली उतरव आधी.”

तेव्हा मला दिसलं. उशांवर नेम धरणारी बाई माझ्याकडे येणार, आणि मी तिला आयुष्यभर म्हणणार, “तुम्ही बसा हो!” माझे कान तापले. पोह्यांचा रवा झाला असता तरी मला इतकी लाज वाटली नसती.

“सायली, डबी उघड,” मी म्हणाले. “ड्रॅगन मेला नाहीये. मुंडकं परत फुटलंय त्याला.”

“आणि ती चौघं?”

“खाल्ली त्यानं.”

“चौघांनाही?” ओंकार ओरडला. “आई, ती पुस्तकाच्या मुखपृष्ठावरची हिरो मंडळी आहेत!”

“म्हणूनच चविष्ट होती. विजयाताई, तुम्ही जाळ्यात आहात. मदतीला कुणी नाही. पुढे काय करायचं मला माहीत नाही.” (हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा उच्चारत होते. जिभेला वळण नव्हतं.)

विजयाताईंनी पदर खोचला. कट्यारीनं जाळं कापलं, फासे चांगले पडले. धावत गुहेशी आल्या, धनुष्य ताणलं, फासा टाकला. एक पडला! म्हणजे सगळ्यात वाईट. बाण ड्रॅगनला सोडून थेट ह्यांच्या बुटक्या व्यापाऱ्याच्या पार्श्वभागात!

“आई गं!” विजयाताईंनी तोंडावर हात ठेवला.

“राहू द्या बाई, राहू द्या!” हे आनंदानं ओरडले. “दुपारपासून कुणीतरी काहीतरी केलं एकदाचं!”

विजयाताई हसायला लागल्या त्या डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. सायली आईकडे बघत राहिली. मग तिनं फासे उचलून माझ्या हातात दिले. “चालू ठेवा काकू. ड्रॅगनला बाबांचं नवीन गुहेचं बोलणं पटतंय का बघू.” तिनं ह्यांना ‘बाबा’ म्हटलं, हे सगळ्यात आधी ओंकारच्या लक्षात आलं.

लग्न झालं. विजयाताई आमच्याकडेच असतात. माझं स्वयंपाकघर त्यांनी त्यांच्या पद्धतीनं लावलंय आणि मला आता माझ्याच घरात हिंग सापडत नाही. मी काही बोलत नाही. दर रविवारी गेम होतो, पण गोष्ट सायली चालवते. मलाही तिनं एक एनपीसी दिलाय: गावाच्या वेशीवरचा शापित पुतळा. त्याला सगळं दिसतं, सगळं समजतं, पण बोलता येत नाही आणि हलता येत नाही.

गेल्या रविवारी विजयाताई चुकीच्या वाटेला निघाल्या. मी काहीही केलं नाही. फक्त उजवी भुवई किंचित उचलली.

“अहो आई,” सायली मला म्हणाली, “या पुतळ्याचं अनावरण अजून व्हायचंय.” आणि तिनं सोफ्याचं कव्हर काढून माझ्या डोक्यावरून टाकलं.

मी आत गप्प बसले. कव्हर उलट्या बाजूनं टाकलं होतं आणि त्याला इस्त्री नव्हती. हे मी कुणालाही सांगितलं नाही.

गेम संपेपर्यंत.