सर्व्हरच्या खोलीतली कडी

बुलढाण्याच्या ज्या कॉलेजात मी सर्व्हर सांभाळतो, तिथे सर्व्हरच्या शेजारच्या खोलीत डिस्कांनी भरलेली एक पेटी आहे. तिला स्टोरेज म्हणतात. नेटवर्कच्या केबलीतून सर्व्हर तिला जोडून घेतो आणि स्वतःच्याच पोटातली डिस्क असल्यासारखी वापरतो. पेटीत निकाल आहेत, हजेऱ्या आहेत आणि मराठी विभागाच्या मुलींनी गावोगाव जाऊन रेकॉर्ड केलेल्या ओव्या आहेत. त्यातली एक फाइल आमच्या गावची, सोनाळ्याची, माझ्या मायची. माय जाऊन दोन वर्षं झाली. तिचा आवाज आणखी कुठेच नाही. लोकांना बॅकअपचे डोस पाजणाऱ्या मी त्या फाइलची साधी कॉपी केली नव्हती. फाइल उघडली की दुसऱ्या ओवीलाच मी ती बंद करायचो.

पेटीला लॉगिन नव्हतं. पत्ता माहीत असलेलं कोणतंही मशीन तिला जोडून घेऊ शकायचं. लॅबमधल्या एका कॉम्प्युटरने एकदा नेमकं तेच केलं आणि ही नवी डिस्क दिसतेय, कोरी करू का, असं विचारलं. लॅबच्या बाईंनी होकार देण्याआधी मला फोन केला म्हणून निभावलं.

त्याच आठवड्यात गावाहून बाबांचा फोन आला. "तिचा आवाज आयकव न मले एकडाव," म्हणाले. बाबा कधी काही मागत नाहीत. शनिवारी दुपारी ऐकवतो असं कबूल केलं आणि त्या सकाळी आधी लॉगिन लावायला बसलो.

लॉगिन दोन्ही बाजूंनी हवं होतं. सर्व्हरने पेटीला ओळख पटवायची आणि पेटीनेही सर्व्हरला. म्हणजे दोन पासवर्ड. मला आमच्या घराचं दार आठवलं. बाबांनी मायचं नाव कधी घेतलं नाही आणि तिनेही त्यांचं नाही. शेतातून आले की ते बाहेरून म्हणायचे, "आयकलं का?" मायही आतून तेच म्हणायची, असं माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं. मी दोन्हीकडे तेच शब्द टाकले, लांबी पुरावी म्हणून मागे आकडे जोडले. आता ते बदललेत, नाहीतर इथे लिहिले नसते.

सर्व्हर आत जाईना. डिस्कच दिसेनाशी झाली. डेटा कुठे जात नसतो हे मला कळत होतं, तरी तीन-चारदा सगळं नव्याने टाइप केलं. शेवटी चूक दाखवणारा संदेश नीट वाचला. दोन्ही बाजूंचा पासवर्ड एकच असलेला चालत नाही. मला रागच आला. आमच्या घरात जन्मभर चाललं ते या डबड्याला चालत नाही!

तेवढ्यात बाबांचा फोन आला. "लावतं न?"

"लावतो. बाबा, तुम्ही दारातून 'आयकलं का' म्हनलं की माय काय म्हने?"

"काऊन?"

"सांगा न."

मग म्हणाले, "'आली वो' म्हने. अन् मंग कडी काढे."

"तेच नव्हती म्हनत, 'आयकलं का'?"

"ते मले जेवाले बलावताना."

फोन चालू ठेवूनच मी पेटीच्या बाजूचा पासवर्ड बदलला. आली वो, आणि मागे आकडे. डिस्क परत आली. आधी कॉपी केली, मग फोन स्पीकरजवळ धरून फाइल लावली.

या वेळी बंद केली नाही. माय गात होती आणि मला ती इतकी हवीशी वाटत होती की खुर्चीत बसवेना. ओव्या संपल्या. रेकॉर्ड करणारी मुलगी "आणखी एक म्हणा" म्हणाली. तेवढ्यात त्या रेकॉर्डिंगमध्ये लांबून बाबांचा आवाज आला, "आयकलं का?"

"आली वो," माय म्हणाली. कडी वाजली आणि फाइल संपली.

मी फोन कानाला लावला. पलीकडे बाबांचा श्वास ऐकू येत होता. मग अगदी हळू, पण दारात उभे राहून म्हणायचे तसेच ते म्हणाले, "आयकलं का?"

मी फोन पुन्हा स्पीकरजवळ धरला आणि फाइल तिच्या उत्तरापाशी मागे नेली.